सीएसआयए सर्टिफिकेशन, दीड वर्षानंतर: ऑर्डरी नाहीत, पण शून्य रुपयांची चिठ्ठी

चाकणच्या एका कंपनीकडे अडकलेले बिलाचे शेवटचे दहा टक्के परवा खात्यात आले. ते कसे सुटले हे सांगायचं तर आमच्या सीएसआयए सर्टिफिकेशनचा विषय निघणारच. शिवाय 'घेऊन मिळालं काय?' असं विचारणारे इंटिग्रेटर मित्रही बरेच आहेत, म्हणून एकदाच सविस्तर लिहितो.

सीएसआयए बहुतेकांना ऐकून माहीत असेल. 1994 साली अमेरिकेत सुरू झालेली कंट्रोल सिस्टीम इंटिग्रेटर्सची, म्हणजे कारखान्यांत ऑटोमेशन बसवून देणाऱ्या आमच्यासारख्यांची संघटना. त्यांचं बेस्ट प्रॅक्टिसेसचं मॅन्युअल, त्यावर बाहेरच्या ऑडिटरकडून तपासणी आणि तीन वर्षांनी पुन्हा तेच. सर्टिफिकेट कंपनीला मिळतं, माणसाला नाही. आम्ही भोसरीतले, वीसेक माणसं; काम पीएलसी-स्काडा (मशीन चालवणारा कंट्रोलर आणि त्यावर नजर ठेवणारं सॉफ्टवेअर) आणि इलेक्ट्रिक पॅनलचं. आयएसओ 9001 आधीपासून होतंच.

आधी खर्चाचं बोलू, कारण माझा जीव तिथेच अडकतो. पैसे डॉलरमध्ये जातात. मग बँकेला पैसे कशासाठी चाललेत त्याचा पर्पज कोड हवा, सीए आयकराचे फॉर्म काढणार, वर रिव्हर्स चार्जने, म्हणजे विकणाऱ्याऐवजी आपणच भरायचा जीएसटी. त्याचं क्रेडिट मिळतं, पण आधी खिशातून भरावं लागतंच. सगळ्यांत महाग पडला तो सीनियर इंजिनिअरचा वेळ. साइटवर बिल होऊ शकणारा माणूस ऑफिसात बसून प्रोसिजर लिहीत होता.

पहिले काही महिने माझं मत एकच होतं: पैसे पाण्यात. सर्टिफिकेट बघून एकही एन्क्वायरी आली नाही. आमच्याकडे येणाऱ्या टेंडरांत आयएसओ विचारतात, टर्नओव्हर विचारतात, तसलं काम आधी केल्याचं पत्र मागतात. सीएसआयएचा रकानाच नसतो. एका पर्चेसवाल्या साहेबांनी तर विचारलं, "हे आयएसओच्या वरचं का खालचं?" काय सांगणार!

तेव्हा मी सोडूनच देणार होतो. मत बदललं ते एका अर्ध्या पानाच्या चिठ्ठीमुळे.

मॅन्युअलमध्ये प्रोजेक्ट मॅनेजमेंटचा मोठा भाग आहे. त्यात स्कोपमधला, म्हणजे ठरलेल्या कामातला प्रत्येक बदल लेखी हवा, त्याची किंमत आणि तारखेवरचा परिणाम काढलेला हवा, आणि काम सुरू होण्याआधी त्यावर ग्राहकाची मंजुरी हवी. यात नवीन काहीच नाही, आयएसओतही बदलांवर कलम आहे. पण आमच्या ऑडिटरने फॉर्म मागितलाच नाही. तो म्हणाला, गेल्या प्रोजेक्टचे कोटेशनमधले तास आणि प्रत्यक्ष लागलेले तास शेजारी शेजारी ठेवा, आणि फरक कशामुळे पडला ते सांगा. आमच्याकडे त्या फरकाला 'कमिशनिंग' (साइटवर सिस्टीम चालू करून देणं) हे एकच उत्तर होतं. ज्यांनी साइटवर दिवस काढलेत त्यांना कळेल त्या शब्दात काय काय कोंबलेलं असतं.

एफएटी, म्हणजे आमच्याकडची ग्राहकासमोरची चाचणी होऊन पॅनल साइटवर गेलेलं असतं आणि मेंटेनन्सचे दादा येतात. "साहेब, तेवढा एक सेन्सर वाढवा ना." सेन्सर म्हणजे एक इनपुट. पण सेन्सरच्या वायरी जिथे जोडतात त्या रिमोट आयओवर मोकळा चॅनल नसतो, म्हणून नवीन मॉड्यूल, टर्मिनल, वायरिंग, वायरींवर नवे नंबर-फेरूल. ड्रॉइंगला रिव्हिजन. सॉफ्टवेअरमध्ये टॅग, अलार्मचा मजकूर, ऑपरेटरच्या स्क्रीनवर (एचएमआय) जागा. इंटरलॉकला (एक अट पूर्ण झाल्याशिवाय पुढचं चालू न देणारं लॉजिक) हात लागला की पूर्ण सिक्वेन्स पुन्हा तपासा आणि बॅकअप पुन्हा घ्या. आणि आमचा इंजिनिअर 'करून देतो' म्हणून मोकळा, कारण महिनाभर त्याच कँटीनमध्ये त्या दादांसोबत जेवायचं असतं.

आता आमची चिठ्ठी अशी: काय हवं, कोणी मागितलं, तास, माल, तारखेवर परिणाम, सही. आणि खरी गंमत म्हणजे फुकट करायचं कामसुद्धा चिठ्ठीवर येतं, रक्कम शून्य. शून्यावर सही करायला कोणी घाबरत नाही. दोन-तीन शून्याच्या चिठ्ठ्या झाल्या की सही करायची सवय लागते, आणि पुढच्या चिठ्ठीवर आकडा आला तरी निदान चर्चा होते. ही शून्याची युक्ती मॅन्युअलमधली नाही, आमच्याच साइट इंजिनिअरने काढलेली आहे.

चाकणला झालं असं की मधेच प्रोजेक्ट हेड बदलले. नवे साहेब म्हणाले, वाढीव काम सगळं पीओतच (मूळ ऑर्डरीतच) येतं, उशीर तुमचा, एलडी (उशिराचा दंड) कापणार. लघुउद्योगांसाठीच्या सरकारी पोर्टलवर तक्रार करता आली असती, पंचेचाळीस दिवसांत पैसे देण्याचा कायदाही आपल्या बाजूने आहे. पण पुढची ऑर्डर त्याच गेटमधून यायची असते. आम्ही चिठ्ठ्यांचा गठ्ठा टेबलावर ठेवला. त्यांच्याच माणसांच्या सह्या, त्यापुढे 'तारीख दोन दिवस पुढे', 'तारीख एक दिवस पुढे'. एलडीचा विषय तिथेच मिटला. वाढीव कामाच्या दरात घासाघीस झाली, ती होणारच.

सीए म्हणाले, "अर्ध्या पानाच्या फॉर्मसाठी डॉलर कशाला?" बरोबर आहे, फॉर्म फुकट बनतो. पण तोच फॉर्म भरा म्हणून मी आधी कानीकपाळी ओरडत होतो तेव्हा पोरांना ग्राहकासमोर काढायला लाज वाटायची. आता ती म्हणतात, "काय करणार दादा, आमच्या ऑडिटला लागतं हो." वाईटपणा ऑडिटरच्या माथी आणि सही आपल्या खिशात. माझ्या लेखी या सर्टिफिकेशनची निम्मी किंमत या एका वाक्यात वसूल झाली. फायनान्स, एचआर, मार्केटिंगची प्रकरणंही आहेत, ती वाचून काढली, ठीक आहेत.

चार-पाच माणसांचं दुकान असेल तर घेऊ नका, मॅन्युअलवरून स्वतःचीच तपासणी करा, पुरेसं आहे. फक्त फार्मा करत असाल तर चेंज कंट्रोल तुमच्या अंगवळणी पडलेलंच असेल. तिथे क्वालिटीवाले (क्यूए) सहीशिवाय मशीनची एक सेटिंगही बदलू देत नाहीत. आणि हे सर्टिफिकेट दाखवून सेफ्टी किंवा सायबरचं काम मागू नका. त्याला आयईसी 61511 (सेफ्टी) आणि 62443 (सायबर) ही वेगळी मानकं आहेत, जाणकार ग्राहक लगेच पकडतो.

पुढच्या ऑडिटचं काय, असं सीएंनी विचारलंय. त्यांना म्हटलं, डॉलरचा भाव बघून ठरवू. साइटवरच्या पोरांच्या कानावर हे अजून घातलेलं नाही.