सेफ क्लस्टरमधील जागेची देखरेख: आठ महिन्यांच्या वापरानंतर

शिरोली एमआयडीसीतील आमच्या फाउंड्रीत सेफचे (Ceph, अनेक सर्व्हरच्या डिस्क एकत्र जोडून डेटा साठवणारे सॉफ्टवेअर) तीन नोडचे, म्हणजे तीन सर्व्हरचे, क्लस्टर आठ महिन्यांपासून चालू आहे. प्रत्येक नोडमध्ये 4 टीबीच्या चार डिस्क आहेत, म्हणजे एकूण 48 टीबी. परंतु डेटाच्या तीन प्रती ठेवाव्या लागत असल्याने हाती 16 टीबीच उरतात. कास्टिंगची ड्रॉइंग, सिम्युलेशनच्या फाइली आणि कॅमेऱ्यांचे फुटेज त्यावर असते. जागेवर लक्ष ठेवण्यासाठी आकडे गोळा करणारे प्रोमिथियस आणि ते पडद्यावर दाखवणारे ग्राफाना बसवले. सेफने स्वतः फारसा त्रास दिला नाही. तो झाला मी चुकीच्या आकड्यावर विसंबल्यामुळे.

एकूण वापर 80 टक्क्यांवर गेला की इशारा यावा, अशी माझी मांडणी होती. जुलैतल्या एका रात्री एक डिस्क बंद पडली, तेव्हा वापर 71 टक्के होता. मूळ सेटिंगप्रमाणे दहा मिनिटे वाट पाहून सेफने ती बाद धरली आणि तिच्यावरच्या प्रती नव्याने करायला घेतल्या. तीनच नोड आणि तीन प्रती असल्या की प्रत्येक नोडवर एकेक प्रत असावीच लागते; त्यामुळे बाद डिस्कचा भार शेजारच्या नोडवर न जाता त्याच नोडमधल्या उरलेल्या तीन डिस्कवर पडतो. 71 चे चार तृतीयांश जवळजवळ 95 होतात. सेफच्या मूळ मर्यादा अशा, की डिस्क 85 टक्के भरली की इशारा, 90 ला बॅकफिल (डिस्कवर प्रती नव्याने भरणे) बंद आणि 95 ला लेखनच बंद. सकाळी पाहतो तर बॅकफिल अडकलेले, काही डेटाच्या दोनच प्रती शिल्लक, आणि ग्राफानावरचा एकूण वापराचा काटा हिरवागार!

नवी डिस्क बसवल्यावर सारे सुरळीत झाले. त्यानंतर मी इशारा सर्वांत भरलेल्या डिस्कवर लावला, कारण त्या वेळी डिस्कांचा वापर 64 ते 78 टक्के असा विखुरलेला होता. डिस्कांवर डेटा सारखा वाटणारा सेफचा बॅलन्सर चालू केल्यावर तो फरक बराच कमी झाला. एक डिस्क गेली तरी 85 च्या आत राहायचे, तर एकूण वापर 64 टक्क्यांखाली, म्हणजे साधारण 10 टीबीपर्यंतच ठेवावा लागतो. हे ऐकून मालक म्हणाले, "अठ्ठेचाळीसचे पैसे मोजले आणि दहाच वापरायचे व्हय?" त्यांना पटवायला अर्धा तास आणि एक कोरा कागद लागला.

जागा कधी भरेल याचा अंदाज प्रोमिथियसच्या 'प्रेडिक्ट लिनिअर' फंक्शनने काढता येतो, पण आधी मी एकाच दिवसाची आकडेवारी देत होतो. सोमवारी कारखान्याला सुट्टी असल्याने त्या दिवशी जागा कधीच भरणार नाही असे दिसे, तर गुरुवारी महिनाभरात भरेल असे. पूर्ण आठवडा घेतल्यापासून आकडा स्थिर आहे. व्हर्च्युअल मशीनमध्ये (सर्व्हरवर चालणाऱ्या आभासी संगणकात) फाइली पुसल्या तरी डिसकार्ड चालू करून ट्रिम केल्याशिवाय, म्हणजे कोणती जागा रिकामी झाली ते खाली सेफला कळवल्याशिवाय, क्लस्टरची जागा मोकळी होत नाही, हेही उशिराच ध्यानात आले.

'सेफ डीएफ' या कमांडमधला 'मॅक्स अव्हेल' (अजून किती डेटा मावेल) हा आकडा मात्र पहिल्यापासून पाहायला हवा होता, कारण तो सर्वांत भरलेली डिस्क धरूनच काढलेला असतो. सध्या वापर 61 टक्के आहे आणि चौथ्या नोडचे कोटेशन मालकांच्या टेबलावर पडून आहे.