फॉरमॅटला दिला लॅपटॉप, पुसलं काहीच नाही

रोख ४,७५० रुपये मोजून मी माझाच माल दुसऱ्याच्या घशात घालून आलो, आणि वर दुकानातल्या पोराच्या हातावर चहाला २० रुपये ठेवले. ते २० रुपये जास्त झोंबतात.

मी पाचोऱ्याचा. चौदा दुकानदारांची जीएसटीची कामं घरून करतो. लॅपटॉप २०२१ चा, १६ जीबी रॅम, ५१२ जीबीची एसएसडी (डेटा साठवणारी डिस्क), विंडोज १० सोबतच आलेलं. १४ ऑक्टोबर २०२५ ला त्याचा सपोर्ट संपला. मशीनही रडतखडत चालायचं. म्हटलं सगळं पुसून विंडोज ११ टाकून घेऊ, आणि नोव्हेंबरात जळगाव गाठलं.

दुकानदार पहिलंच वाक्य अहिराणीत बोलला, "नाना, कोनता गावना तुम्ही?" झालं! आपला माणूस. तुम्हीही विरघळला असता, उगाच हसू नका.

हिशेब असा: फॉरमॅट ५००, 'ओरिजिनल' विंडोज २,८००, अँटिव्हायरस ६५०, डेटाचा बॅकअप ८००. बिल मागितलं तर म्हणाला, "अठरा टक्के वाढतील नाना." जीएसटीवर पोट भरणारा मी, हे ऐकून गप्प बसलो. २० तारखेचं रिटर्न डोक्यावर होतं हो, दुसरं काय सांगू. मशीन ठेवून जा म्हणाला, ठेवलं. पिनसुद्धा चिठ्ठीवर लिहून दिला. तास-दीड तासाचं काम, त्याला रात्रभर मशीन कशाला लागतं, हे विचारायचं सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी परतीच्या गाडीसाठी जळगाव स्टेशनवर बसलो होतो. लॅपटॉप मांडीवर उलटा केला, तर खालचा एक स्क्रू गायब आणि रबराची पट्टी वाकडी चिकटवलेली. इथेच, याच बाकावर मला कळायला हवं होतं. फॉरमॅट करायला मशीन खोलावं लागतं का? पेनड्राइव्ह लावला की काम होतं. मी फोन केला, तर पोरगा म्हणाला, "आतली धूळ काढली काका, फ्री." आणि मी त्याला थँक्यू म्हणालो! दुकान दहा मिनिटांवर होतं. गाडी आली, मी चढलो.

पंधरा दिवसांत सी ड्राइव्ह लाल झाला, म्हणजे जागा संपत आली. पुण्याहून भाचा आलेला, त्याने बघितलं. ५१२ची डिस्क विंडोजमध्ये ४७६च्या आसपास दिसते, इथे २३७. रॅम ८. म्हणजे दुकानात माझी डिस्क आणि रॅम काढून अर्ध्या मापाची बसवलेली. मग ॲक्टिव्हेशनचं पान उघडून तो म्हणाला, "मामा, विंडोज तुमच्या संस्थेच्या नावावर चालू दाखवतंय. कुठली संस्था?" मी साध्या पतपेढीचाही सभासद नाही. जुगाड करून ॲक्टिव्हेट केलेलं. आणि मूळ परवाना मदरबोर्डातच होता. तेच एडिशन (होम असेल तर होम, प्रो असेल तर प्रो) टाकून नेट जोडलं की आपोआप लागू होतो, आणि माझ्या मशीनला ११ फुकटच मिळत होतं. २,८०० कशाचे दिले मी? मायने एका वाक्यात निकाल लावला, "तुले येडा बनाडा रे भाऊ."

नवी एसएसडी ३,४००, रॅम १,९००. एकूण फटका १०,०५० रुपये, गाडीभाडं वेगळं.

आता साहेब लोकांचं ऐका. गावातल्या ठाण्यात: आमची हद्द नाही. जळगावात: कॉम्प्युटरचं आहे ना, सायबरला जा. सायबरवाल्यांकडे: पैसे ऑनलाइन गेले का? रोख? मग हे सायबर नाही. तिथल्या एकाने १९३० हा नंबर दिला, जो ऑनलाइन पैसे गेल्यावर लावायचा! परत ठाण्यात गेलो तर हवालदार म्हणतो, "तुमच्यात ५१२ होती कशावरून?" अर्ज घेतला, पोच दिली नाही. १ जुलै २०२४ पासून नवा फौजदारी कायदा लागू आहे, दखलपात्र गुन्ह्याची तक्रार हद्दीचं कारण सांगून नाकारता येत नाही. हे मला नंतर कळलं, त्यांना आधीपासून माहीत असणार. तीन हेलपाटे, तीन दिवसांचं काम बुडालं. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर पहिला प्रश्न आला, बिल आहे का? गप्प बसलो. ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, पण दाखवायला कागद हवा ना.

म्हणून बिल घ्या. अठरा टक्के गेले उडत. मशीन देण्याआधी रॅम आणि डिस्क दाखवणाऱ्या स्क्रीनचे फोटो काढा, डिस्कचा सीरियल नंबर लिहून ठेवा. समोर बसून काम करून घ्या. नाही तर घरीच करा, ८ जीबीचा पेनड्राइव्ह आणि मायक्रोसॉफ्टच्या साइटवरचं फुकटचं टूल पुरतं. बॅकअप मात्र स्वतःच घ्या.

कारण पैशांपेक्षा वाईट गोष्ट वेगळीच आहे. जी डिस्क पुसायला मी दिली ती पुसलीच गेली नाही, तशीच्या तशी त्याच्याकडे राहिली. चौदा जणांचे पॅन, आधार, बँकेचे उतारे, सगळं तिच्यात. नऊ जणांना फोन करून सांगितलं. दोघांनी हिशेबाचं काम काढून घेतलं. उरलेल्या पाचांत माझे सासरे आहेत.