विंडोजची अंगभूत फायरवॉल : गावातल्या घरगुती संगणकासाठी पुरेशी आहे का?

वरुड-मोर्शी भागातील संत्रा बागायतदारांच्या घरी आता संगणक ही नवलाची वस्तू राहिलेली नाही. पीक विम्याचा अर्ज, सातबारा, मुलांचे प्रवेश अर्ज आणि बँकेचे व्यवहार, एवढी कामे त्यावर सहज होतात. मात्र तालुक्याच्या ठिकाणी संगणक घेताना बिलात बहुधा वर्षभराचे सुरक्षेचे एक विकतचे पॅकेज जोडलेले असते आणि 'त्यात फायरवॉलही आहे' असे आवर्जून सांगितले जाते. फायरवॉल म्हणजे संगणकात येणाऱ्या-जाणाऱ्या जोडण्यांवर पहारा ठेवणारा प्रोग्राम. निव्वळ फायरवॉलसाठी हा खर्च करण्याची गरज नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. विंडोज १० आणि ११ मध्ये जी फायरवॉल मुळातच असते, ती घरगुती वापरास पुरेशी आहे. फक्त तिची मांडणी (सेटिंग) नीट समजून घ्यावी लागते.

तिचा मूळ नियम सोपा आहे. बाहेरून आपणहून येणारी जोडणी, परवानगी दिलेली नसेल तर, अडवायची आणि आतून बाहेर जाणारी जोडणी, मनाई केलेली नसेल तर, जाऊ द्यायची. या अडवण्याचे महत्त्व अनुभवातून पटलेले आहे. २००१ च्या विंडोज एक्सपीत फायरवॉल होती, पण ती बंद अवस्थेत येत असे. ऑगस्ट २००३ मध्ये ब्लास्टर नावाचा वर्म (नेटवरून आपोआप पसरणारा घातक प्रोग्राम), वापरणाऱ्याने काहीही उघडले नसताना, केवळ नेटला जोडलेल्या संगणकांत शिरला. पुढे ऑगस्ट २००४ च्या सर्व्हिस पॅक २ या एक्सपीच्या सुधारणा-संचापासून फायरवॉल आपोआप चालू राहू लागली.

मांडणी करताना सर्वाधिक लक्ष एकाच निवडीकडे द्यावे, ती म्हणजे नेटवर्क 'पब्लिक' ठेवायचे की 'प्रायव्हेट'. पब्लिक असताना आपला संगणक इतरांना दिसत नाही आणि बहुतेक वाटा बंद राहतात. प्रायव्हेट असताना घरातील प्रिंटर व सामायिक फोल्डर चालावेत म्हणून काही वाटा मोकळ्या होतात. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर किंवा सेतू केंद्र, ग्रामपंचायत अशा ठिकाणच्या वायफायवर पब्लिकच हवे. घरी स्वतःचा राउटर असेल आणि त्याचा पासवर्ड शेजारीपाजारी वाटलेला नसेल, तरच प्रायव्हेट करावे. (आपल्याकडे वायफायचा पासवर्ड विरजणासारखा घरोघरी जातो, म्हणून हे मुद्दाम लिहितो.) केबलवाल्याची तार राउटरशिवाय थेट संगणकात लावलेली असेल, तर प्रायव्हेटचा विचारही करू नये, कारण त्याच जाळ्यातील इतर घरांचे संगणक आपल्या संगणकापर्यंत पोहोचण्याची शक्यता राहते.

दुसऱ्या खोलीतील प्रिंटर दिसेनासा झाला की दुरुस्ती करणारी मंडळी बहुधा फायरवॉलच बंद करून मोकळी होतात. प्रिंटर चालतो, ग्राहक खूश होतो आणि ती पुढे कायम बंदच राहते. खरे तर अशा वेळी नेटवर्क पब्लिक झालेले नाही ना, एवढेच आधी पाहावे. 'सेटिंग्ज'मध्ये त्या जोडणीच्या पानावर ते बदलता येते. कोणी हात लावून गेल्यावर 'विंडोज सिक्युरिटी'तील 'फायरवॉल अँड नेटवर्क प्रोटेक्शन' उघडून डोमेन (कार्यालयाचे नेटवर्क), प्रायव्हेट आणि पब्लिक या तिन्ही ठिकाणी ती चालू असल्याची खात्री करावी. विकतचे पॅकेज स्वतःची फायरवॉल लावून विंडोजची बाजूला सारते. म्हणून मुदत संपून ते काढल्यावरही हीच तपासणी करावी.

उणिवा आहेत आणि त्या लहान नाहीत. एखादा प्रोग्राम प्रथमच बाहेरून जोडणी स्वीकारू पाहतो तेव्हा परवानगीची चौकट येते. तिच्यात प्रोग्रामचे नाव असते, पण त्याला ही परवानगी कशासाठी हवी, हे सामान्य माणसाला कळेल अशा भाषेत सांगितलेले नसते. घाईत चौकट रद्द केली, तर त्या प्रोग्रामला अडवणारा नियम तयार होतो. परवानगीचा आणि मनाईचा नियम एकाच जोडणीला लागू पडत असतील, तर सामान्यतः मनाईचाच चालतो. त्यामुळे नवा परवानगीचा नियम घालूनही काम अडलेलेच राहते आणि जुना नियम 'ॲडव्हान्स्ड सेटिंग्ज'च्या भल्यामोठ्या यादीत शोधावा लागतो. गुंता फारच झाला, तर 'रिस्टोअर फायरवॉल्स टू डीफॉल्ट' हा पर्याय आहे. त्याने आपण घातलेले नियम जातात, हे लक्षात ठेवावे.

बाहेर जाणारी वाट मोकळी असण्याचा परिणाम अधिक गंभीर आहे. बँकेतून बोलतो असे सांगून कोणी दुरून संगणक चालवण्याचा प्रोग्राम टाकायला लावला, तर जोडणी आतूनच सुरू होते आणि फायरवॉल ती अडवत नाही. तेथे दोष मांडणीचा नसतो. अशा वेळी नेट तोडून बँकेला आणि सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या राष्ट्रीय हेल्पलाइनला तत्काळ कळवावे.

विंडोज १० चे सर्वसाधारण सहाय्य, म्हणजे सुरक्षेच्या नियमित दुरुस्त्या मिळणे, १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. फायरवॉल त्यावर चालतेच, पण तिने परवानगी दिलेल्या वाटेने येणारा हल्ला प्रणालीतील न बुजवलेल्या छिद्रातून आत जाऊ शकतो. म्हणून जुन्या संगणकावर 'अलाउ अॅन अॅप थ्रू फायरवॉल'ची यादी उघडून न वापरल्या जाणाऱ्या खेळांच्या आणि प्रोग्रामांच्या खुणा काढून टाकाव्यात. जेथे फायली किंवा प्रिंटर सामायिक करायचेच नाहीत, तेथे घरातले नेटवर्कही पब्लिकच ठेवावे.