पुणे ते मुंबई एअरपोर्ट शेअर कॅब : ५ पैकी ३ स्टार

कंपनीचं नाव लिहीत नाही, अशा बऱ्याच आहेत आणि सगळ्यांचा कारभार उन्नीस-बीस. एप्रिलमध्ये लेकीच्या बाळंतपणासाठी जर्मनीला निघाले, फ्लाइट मुंबईला सहारच्या टी-टू टर्मिनलवरून पहाटे ३ ची. कॅबच्या ऑफिसमधून सांगितलं संध्याकाळी सहाला तयार राहा, म्हणून मी साडेपाचपासून बिबवेवाडीत गेटपाशी दोन बॅगा आणि डिंकाच्या लाडवांची पिशवी घेऊन उभी, गाडी आली ६:५० ला. मधे तीन फोन केले, तिन्ही वेळा "काकू, पाच मिनिटात पोचतेय". मग कोथरूड, मग बाणेर, आणि वाकडचा शेवटचा पॅसेंजर घेऊन हायवेला लागेपर्यंत साडेआठ. पुण्याबाहेर पडायलाच एवढा वेळ!!

मला मधली सीट. एक बॅग डिकीत मावली नाही, ती कॅरियरवर गेली, दोरी मी स्वतः ओढून बघितली कारण त्यात मेतकूट आणि बाळाची दुपटी होती. घाटात एसी बंद, "काकू, गाडी तापते". बाकी ड्रायव्हर मात्र एक नंबर, ट्रकच्या मागे मागे शांतपणे चालवली, फोनला हात लावला नाही, टी-टूला ट्रॉली आणून बॅगा चढवून दिल्या. तीन स्टार त्याचेच आहेत, ऑफिसला शून्य.

आता खरा राग. घरापासून पुण्याचं लोहगाव विमानतळ रात्रीचं पाऊण तासावर, तरी मी घाट उतरून मुंबईला का जायचं? नवीन टर्मिनल जुलै २०२४ ला सुरू झालं, एरोब्रिज आहेत, नागपूरला जाताना बघितलंय, चकाचक आहे, तक्रार नाही. पण टर्मिनल मोठं झालं म्हणून विमान मोठं होत नाही ना. रनवे अडीच किलोमीटरच्या जरा वर, तोही एअरफोर्सचा, आणि पुणं पडलं उंचावर. युरोपला जाणारं मोठं विमान पोटभर इंधन आणि माणसं घेऊन उठायचं तर धावायला जास्त जागा लागते, त्यात उंचावरची विरळ हवा आणि एप्रिलचं ऊन. म्हणून इथून दुबई, बँकॉक असली जवळचीच. आमचे हे सांगतात, २००८ मध्ये लुफ्थान्साने पुणे-फ्रँकफर्ट थेट सुरू केलं होतं, तेही छोट्या बोइंग ७३७ ने, मोजक्या सीट लावून. ते बंद झालं आणि आम्ही परत घाटात.

रनवे वाढवायचं घोंगडं किती वर्षं भिजत पडलंय. पुरंदरचं विमानतळ २०१६ पासून ऐकतेय, तिथे सात गावांची जमीन जाणार, सीताफळ-अंजिराच्या बागा आहेत, ते लोक विरोध करणारच, माझ्या माहेरची जमीन असती तर मीही रस्त्यावर बसले असते. नवी मुंबईचं डिसेंबर २०२५ ला सुरू झालं, त्यामुळे पुढेमागे सहारपर्यंतचं ट्रॅफिक वाचेल, पण घाट काही चुकत नाही.

तर बुक करणाऱ्यांसाठी, खिडकीची सीट आधीच मागून घ्या, बॅगा किती ते फोनवर न सांगता मेसेजवर लिहून द्या नाहीतर दारात एक्स्ट्रा पैसे मागतात (माझ्याकडून ५०० घेतले, पावती नाही), आणि ते सांगतील त्याच्या दोन तास आधीचं पिकअप धरा. फूडमॉलला वीस मिनिटं थांबतात, बाथरूमच्या लाइनीतच संपतात, त्यामुळे डबा घरूनच न्या, मी दशम्या नेल्या होत्या, वाकडच्या मुलाने पण दोन खाल्ल्या.

जुलैत परत येतेय. परतीचं बुकिंग यांच्याकडेच केलंय, ड्रायव्हर तोच पाठवा म्हटलं तर "बघतो काकू".