वाढलेला थायरॉइड : गोळ्या की रेडिओआयोडीन?

हात थरथरतात, छाती धडधडते, पोटभर जेवूनही वजन उतरतं. अशा वाढलेल्या थायरॉइडमागे बहुतेकदा ग्रेव्हज आजार असतो, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीला जादा काम करायला लावते. ऑपरेशन सोडलं तर वाटा दोन.

कार्बिमाझोलच्या गोळ्या साधारण 12 ते 18 महिने चालतात. ग्रंथी शाबूत राहते. पण गोळी थांबवल्यावर जवळपास निम्म्या जणांचा आजार उलटतो. शिवाय ठरावीक आठवड्यांनी रक्ततपासणी. दिवाळीच्या सुमारास बीडहून ऊसतोडीला निघालेल्या बाईनं कोपीवर राहून ती कशी सांभाळायची? त्यात एक दुर्मिळ, पण जिवावरचा धोका : रक्तातल्या पांढऱ्या पेशी एकदम घटतात. ताप आला, घसा दुखला, की गोळी थांबवून त्याच दिवशी रक्त तपासायचं. नुसतं इंजेक्शन टोचून फडात परतायचं नाही.

रेडिओआयोडीन म्हणजे किरणोत्सारी आयोडीन, ते ग्रंथीच्या पेशी मारतं. बहुधा एकाच डोसात भागतं, मात्र त्यासाठी मोठं शहर गाठावं लागतं. गुण यायला काही आठवडे ते महिने लागतात. पुढे बहुतेकांचा थायरॉइड कमी होतो आणि थायरॉक्सिनची, म्हणजे कमी पडलेल्या थायरॉइड हार्मोनची गोळी जन्मभर, सकाळी उपाशीपोटी, चहाच्या निदान अर्धा तास आधी. लोक यालाच बिचकतात. मला तर फडावरच्या बाईसाठी हेच सोपं वाटतं. डोसानंतर काही दिवस लहान लेकरांपासून लांब राहायचं, हे दोन खोल्यांच्या घरात अवघडच. गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या बाईला हा डोस देतच नाहीत. घेतल्यावर निदान सहा महिने दिवस राहू द्यायचे नाहीत. डोळे बाहेर आले असतील तर ते आणखी बिघडू शकतात, विडी ओढणाऱ्याचे तर जास्तच.