ड्यूकच्या प्रेमकथा: काही महिने सलग वाचल्यानंतरचा अनुभव

इंग्लंडच्या रीजन्सी काळात (१८११ ते १८२०) घडणाऱ्या, उमरावांच्या तिखट, म्हणजे शृंगार उघडपणे रंगवणाऱ्या, प्रेमकादंबऱ्यांबद्दलचा हा अभिप्राय आहे. एखाददुसरं पुस्तक चाळून केलेला नाही. सुरुवातीची काही पुस्तकं भराभर संपतात आणि मग सगळे ड्यूक (उमरावांतली सगळ्यात वरची पदवी) एकमेकांत मिसळायला लागतात. प्रत्येकाचे डोळे करडे असतात, बालपण दुःखी असतं आणि लग्न न करण्याची शपथ तर घेतलेली असतेच. खऱ्या ब्रिटनमध्ये त्या वेळी राजघराण्याबाहेरचे ड्यूक पंचवीसच्या आसपास होते. कादंबऱ्यांत तेवढे एका बॉलरूममध्ये सापडतात, तेही तरुण, अविवाहित आणि सगळे दात शाबूत असलेले. याबद्दल तक्रार नाही, स्वप्नरंजनासाठीच तर आपण पैसे मोजतो.

तक्रार वेगळी आहे. नायकाची पदवी काढून त्याला आजच्या लंडनमधला दंतवैद्य करून बघा. कथा तशीच चालत असेल, तर त्या पुस्तकात इतिहास नाही, नुसते पडदे आहेत. या प्रकाराचे जुने वाचक अशा पुस्तकांना ‘वॉलपेपर’ म्हणतात. चांगल्या पुस्तकात पदवी, जमीन आणि लग्नाचा कायदा हेच नायक-नायिकेच्या आड येतात. त्यामुळे तिखट प्रसंगांनाही धार येते, कारण एका रात्रीने कोणाचं काय जाऊ शकतं हे आपल्याला ठाऊक असतं.

सगळ्यात जास्त घोटाळे वारशाचे. ‘तुझ्यासाठी मी ड्यूकपद सोडतो’ हे वाक्य आलं की पुस्तक बाजूला ठेवायला हरकत नाही. वारशाने आलेली पदवी सोडून देण्याची सोय ब्रिटनमध्ये १९६३ च्या कायद्याने झाली. तसंच ‘तिच्याशी लग्न केलंस तर पदवी धाकट्याला देईन’ ही बापाची धमकी पोकळ आहे. पदवी थोरल्या औरस मुलाकडेच जाते, आणि पिढ्यांच्या करारात बांधलेली जमीन बहुतेक वेळा तिच्याबरोबर जाते. बापाच्या हातात असतो तो मासिक खर्च आणि मोकळी मालमत्ता. हे जाणणारी लेखिका मुलाचा भत्ता तोडते, त्याला सावकाराच्या दारात उभं करते, आणि तिथून खरं कथानक सुरू होतं. सावकारावरून आठवलं, कर्जापायी तुरुंगात पडलेला ड्यूक दिसला तर तोही चुकलेलाच. उमरावांना दिवाणी कर्जासाठी अटक करता येत नसे. धाकट्या भावाला मात्र येत असे, कारण कायद्याच्या नजरेत तो सामान्य माणूस.

औरस-अनौरसाचा नियमही कडक होता. मूल लग्नानंतर जन्माला आलं की औरस, मग गर्भ कधीचा का असेना. लग्नाच्या आदल्या दिवशी जन्मलं तर पदवीच्या दृष्टीने कायमचं बाद, आईबापांनी दुसऱ्या दिवशी लग्न केलं तरीही. म्हणून दिवस गेलेल्या नायिकेची घाई खरी वाटते.

लग्नाचे रस्ते चार. चर्चमध्ये लग्नाआधी तीन रविवार वधूवरांची नावं पुकारायची. किंवा बिशपकडून साधा परवाना घेऊन ठरलेल्या चर्चमध्ये, सकाळी आठ ते दुपारी बाराच्या आत लग्न लावायचं. किंवा कँटरबरीच्या आर्चबिशपचा खास परवाना मिळवायचा, मग रात्री बारा वाजता दिवाणखान्यातही लग्न लागतं. आणि चौथा रस्ता म्हणजे स्कॉटलंडच्या सीमेवरचं ग्रेटना ग्रीन. १७५३ चा विवाह कायदा इंग्लंड-वेल्सपुरता होता, म्हणून एकविसाच्या आतल्या मुलामुलींना पालकांची संमती नसेल तर तिकडे पळावं लागे. लंडनपासून हे अंतर पाचशे किलोमीटरच्या वर आहे. पोस्ट-शेज ही भाड्याची घोडागाडी केली, दर पंधरा-वीस किलोमीटरवर घोडे बदलले आणि कुठेही झोपायला थांबलं नाही, तरी दीड-दोन दिवस जातात. संध्याकाळी निघून दुसऱ्या दिवशी दुपारी पोहोचणारी जोडपी बरीच भेटतात. त्यांचे घोडे बहुधा विमानतळावर बदलले असावेत. वाटेत मुक्काम केला की ‘खाणावळीत एकच खोली, खोलीत एकच पलंग’ हा लाडका प्रसंग येतो. तो हजारदा वाचूनही चालतो, हे मान्य करायला हवं.

शय्यासोबत झाली नाही म्हणून लग्न आपोआप रद्द, ही समजूतही तितकीच लाडकी आणि चुकीची. कारण म्हणून लागायचं ते नपुंसकत्व, आणि ते चर्चच्या न्यायालयात सिद्ध करावं लागे. १८५७ च्या आधी घटस्फोट घेऊन पुन्हा लग्न करायचं तर संसदेत स्वतंत्र विधेयक मांडावं लागायचं. त्यामुळे ‘वर्षभर नावापुरतं लग्न करू, मग मोकळे होऊ’ हे कथानक त्या काळात उभंच राहत नाही.

पैशाचा हिशेब मांडणाऱ्या लेखिका कमी, पण वाचायच्या त्याच. लग्न होताच बायकोची रोकड, दागिने, सगळी जंगम मालमत्ता नवऱ्याची होत असे. यातून सुटका म्हणजे लग्नाआधी वकिलांनी केलेला करार. विश्वस्तांच्या नावे वेगळा ठेवलेला तिचा पैसा, हातखर्चाची रक्कम आणि नवऱ्यामागे मिळणारं उत्पन्न हे सगळं त्यात ठरे. दहा हजार पौंडांचा हुंडा चार-पाच टक्क्यांनी गुंतवला तर वर्षाला चारशे-पाचशे पौंड येतात. एवढ्यात घर नीट चालतं, लंडनच्या हंगामातला, म्हणजे नाच-मेजवान्यांच्या महिन्यांतला, थाट नाही. आता ग्रेटना ग्रीनचा विचार करा. पळून गेलेल्या मुलीचा करार झालेलाच नसतो, म्हणून तिला पळवणारा नायक पैशावर डोळा ठेवून आहे का हा प्रश्न खरा ठरतो. घोड्यावर बसवून नेणाऱ्यापेक्षा आधी वकिलाला बोलावणारा नायक माझ्या लेखी जास्त रोमँटिक. विधवा नायिकेची पुस्तकं सरस उतरतात तीही याच कारणाने. तिच्याकडे स्वतःचं उत्पन्न असतं, मागे पहारेकरी मावशी नसते. दुसरं लग्न म्हणजे हे सगळं पुन्हा एका पुरुषाच्या हाती देणं, म्हणून प्रेम असूनही ती नकार देते. असा नकार पटतो.

आता तिखटपणा. वाचक मिरच्या मोजतात, एक ते पाच. एक म्हणजे दार बंद, पाच म्हणजे दार, खिडकी, पडदे सगळं उघडं. साधारण साडेतीनशे पानांच्या पुस्तकात पहिलं चुंबन पाव भागाच्या आसपास, मोठा प्रसंग निम्म्यावर, आणि ताटातूट ऐंशी टक्क्यांच्या पुढेमागे. चांगलं-वाईट मिरच्यांवर ठरत नाही. प्रसंगानंतर दोघांमधलं काही बदललं का, ते बघावं. आठ पानं गाळूनही पुढचं सगळं कळत असेल तर ती आठ पानं भरतीची आहेत.

कपडे हे दुसरं परीक्षास्थान. आत शेमीझ हे सैल अंतर्वस्त्र, त्यावर मागून एकाच दोरीने नागमोडी आवळलेलं कॉर्सेट, मग पेटीकोट, मग झगा. पुढून धातूच्या हुकांनी फटकन उघडणारं कॉर्सेट नंतर, व्हिक्टोरिया राणीच्या काळात रुळलं. तेव्हा नायक ते एका हाताने पुढून उघडतो हे जमत नाही. मागची गाठ सोडून दोरी भोकाभोकातून ओढत जावं लागतं, आणि कसलेली लेखिका त्याच वेळाचा उपयोग करते. नायकाचंही सोपं नाही. अंगाबरोबर शिवलेला कोट आणि घट्ट उंच बूट नोकराशिवाय किंवा बूटजॅकशिवाय निघत नाहीत. ब्रीचेसला, म्हणजे गुडघ्यापर्यंतच्या विजारीला, पुढे बटणांची झडप असते, चेन नाही. बूट कधी काढले याचा उल्लेख नसेल तर त्याने ते शेवटपर्यंत घातलेच होते असं धरावं लागतं.

बग्गीतले प्रसंग तर फारच. मेफेअरमधल्या ग्रोव्हनर स्क्वेअरपासून कॉव्हेंट गार्डनचं नाट्यगृह जेमतेम दोन किलोमीटर. पुढे कोचमन, मागे उभा नोकर, खाली दगडी रस्ता, आणि प्रसंग बारा पानांचा! नाटक सुटल्यावर बग्ग्यांची कोंडी झाली असं एका ओळीत सांगितलं असतं तरी भागलं असतं.

जुनी पुस्तकं स्वस्तात मिळतात, पण घेताना प्रकाशनाचं वर्ष बघा. सत्तर-ऐंशीच्या दशकांत बळजबरीला प्रेमाची सुरुवात म्हणून दाखवण्याची रीत होती, आणि मुखपृष्ठावरून ते कळत नाही. नव्या पुस्तकांत संमती स्पष्ट असते. कधीकधी इतकी स्पष्ट, की १८१५ मधला अर्ल पदवीचा उमराव समुपदेशकासारखा बोलतो. तरी या दोन दोषांत दुसरा कधीही परवडला.

हिंदुस्थान या पुस्तकांत सोयीपुरता येतो. नायक तिकडे जातो, उन्हाने रापतो, गडगंज होऊन परततो. पैसा कसा आला हे कोणी विचारत नाही. खरं तर मराठी वाचकाला इथे पुष्कळ दिसतं. १८१७-१८ चं इंग्रज-मराठा युद्ध ऐन रीजन्सीतलं. त्यात मिळालेल्या दख्खनच्या लुटीच्या वाटपाचा वाद पुढे बरीच वर्षं लंडनमध्ये चालला, आणि त्या निधीच्या विश्वस्तांत ड्यूक ऑफ वेलिंग्टन होता, म्हणजे १८०३ मध्ये असईला मराठ्यांविरुद्ध लढलेला आर्थर वेलस्ली. अशा हिश्श्यावर डोळा ठेवून कर्ज काढणारा कॅप्टन हा किती चांगला नायक झाला असता. कॅरिबियनमधल्या साखरमळ्यांचंही तेच. गुलामांचा व्यापार १८०७ मध्ये बंद झाला, गुलामगिरी नाही. नायकाच्या घरातली साखर कुठून येते हे विचारणारी पुस्तकं अलीकडे दिसू लागली आहेत, आणि ती कमी तिखट मुळीच नाहीत.

वाचायला ई-रीडर उत्तम. उघड्या छातीचं मुखपृष्ठ लोकलमध्ये मिरवावं लागत नाही. मात्र किंडलच्या सेटिंगमधलं ‘डिस्प्ले कव्हर’ बंद ठेवा, नाहीतर झोपलेल्या यंत्रावर तेच चित्र टेबलावर पडून राहतं. घरात सगळ्यांचं मिळून एकच खातं असेल तर पुस्तकाचं नाव त्यांच्या यादीतही दिसतं. विकत घेण्याआधी फुकटचा नमुना वाचा. त्यात लोक एकमेकांना काय म्हणतात ते बघा. ड्यूकची मुलगी ‘लेडी’ आणि तिचं स्वतःचं नाव, ‘मिस’ कधीच नाही. ‘सर’ नंतर पहिलं नाव, आडनाव नाही. इथे चुकलेली लेखिका पुढे कायद्यातही चुकते, असा अनुभव आहे.

मालिका भावंडांच्या असतात, प्रत्येकाला एक पुस्तक. क्रम मोडला तरी फारसं बिघडत नाही, फक्त आधीची जोडपी मधेच बाळं घेऊन येतात आणि कोण कोणाचं ते कळत नाही. उपसंहार बहुतेक एकाच साच्याचा असतो: वर्षभराने, बाग, पाळणा, त्यात मुलगा. पदवीला वारस हवाच, त्यामुळे लेखिका धोका पत्करत नाही. पाळण्यात मुलगी ठेवून पुस्तक संपवणारी लेखिका सापडली, तर तिची बाकीची पुस्तकं नमुना न वाचता घ्यावीत.