विलीचं कीर्तन : 'रेड हेडेड स्ट्रेंजर'ची जुनी तबकडी

आधी खरेदीचं सांगते, म्हणजे निदान तुमचे पैसे तरी वाया जाणार नाहीत. कंट्री, म्हणजे अमेरिकेतलं ग्रामीण वळणाचं संगीत, गाणाऱ्या विली नेल्सनची 'रेड हेडेड स्ट्रेंजर' ही रेकॉर्ड मी दोनदा घेतली. पहिल्यांदा ऑनलाइन, नवी कोरी. ऑगस्ट महिना होता. पार्सल दुपारी बाराला दारात येऊन पडलं आणि मी ऑफिसातून घरी पोचले साडेसहाला. टेक्सासच्या उन्हात साडेसहा तास! तबकडी काढून लावली तर सुई होडीसारखी वर-खाली. पियानोचा सूर दर फेऱ्याला जरासा घसरायचा आणि परत जागेवर यायचा. विकणाऱ्याने फोटो मागवले, आठवडाभर ताटकळत ठेवलं आणि 'आमच्याकडून निघाला तेव्हा माल चांगला होता' म्हणून हात वर केले. तेव्हा उन्हाळ्यात रेकॉर्ड मागवू नका. मागवलीच तर त्या दिवशी कुणीतरी घरी असेल असं बघा.

दुसऱ्यांदा मात्र डॅलसमधल्या एका जुन्या रेकॉर्डच्या दुकानात स्वतः गेले. हातात धरून, दिव्याखाली तिरकी करून, दोन्ही बाजू नीट बघून घेतली. १८ डॉलर पडले. जॅकेटच्या कडा विरलेल्या, कोपऱ्यात आधीच्या मालकाने निळ्या बॉलपेनने लिहिलेलं 'ख्रिसमस ७५', पण आतली तबकडी स्वच्छ. पहिल्या बाजूला एक बारीक टकटक आहे, ती दोन मिनिटांत विरून जाते. आता तर तिची सवय झाली आहे.

विली नेल्सनचा 'रेड हेडेड स्ट्रेंजर' मे १९७५ मध्ये बाजारात आला. त्याच वर्षी जानेवारीत तो ध्वनिमुद्रित झाला गार्लंडमध्ये, 'ऑटम साउंड' नावाच्या स्टुडिओत. मी राहते रिचर्डसनला. गार्लंड आमच्या अगदी शेजारी. तिथल्या वाण्याकडून मी ज्वारीचं पीठ आणते. इतकी वर्षं त्या रस्त्यांवरून गाडी चालवताना मला या गोष्टीचा पत्ताच नव्हता.

नॅशव्हिलमध्ये न होता हे काम डॅलसच्या एका उपनगरात झालं, यात सगळं आलं. त्या काळी कंट्री संगीत म्हटलं की नॅशव्हिल, आणि नॅशव्हिल म्हटलं की व्हायोलिनचा ताफा, मागे कोरस, गायकाच्या आवाजावर साखरेचा पाक. विली तिथे साठीच्या दशकात राहिला. दुसऱ्यांसाठी गाणी लिहिली, ती तुफान चालली. १९६१ साली पॅट्सी क्लाइनने गायलेलं 'क्रेझी' त्याचंच. पण स्वतः गायला उभा राहिला की त्याच्या त्या बोलल्यासारख्या, तालाच्या जरा मागेपुढे रेंगाळणाऱ्या आवाजाचं काय करायचं ते तिथल्या मंडळींना कळेना. १९७० मध्ये त्याचं तिथलं घर जळलं, १९७२ मध्ये तो ऑस्टिनला येऊन राहिला. पुढे कोलंबिया कंपनीशी करार केला तेव्हा एक गोष्ट त्यात लिहून घेतली: रेकॉर्डमध्ये काय असेल आणि काय नसेल ते मी ठरवणार.

गोष्ट सुचली ती मोटारीत. बायको कॉनीबरोबर कोलोरॅडोहून ऑस्टिनला परत येत होता. नवी रेकॉर्ड करायची होती आणि हाताशी काही नव्हतं. तेव्हा तिने आठवण करून दिली ती या लाल केसांच्या अनोळखी माणसाच्या गाण्याची. पन्नाशीच्या दशकात फोर्ट वर्थला रेडिओवर काम करताना विली ते लहान मुलांसाठी लावायचा, आणि घरी स्वतःच्या मुलांना झोपवताना म्हणायचा. ते गाणं त्याचं नव्हे, दुसऱ्यांनी लिहिलेलं. कॉनी म्हणाली, त्याच्याभोवती पूर्ण गोष्ट रच. त्याने गाडी चालवता चालवता ती रचली.

आता आईचं सांगते, कारण ही रेकॉर्ड मला खऱ्या अर्थाने तिने ऐकवली.

आई मिरजेची. तिचे वडील, म्हणजे माझे आजोबा, कीर्तनकारांच्या मागे पेटी वाजवायचे. रामनवमीचे नऊ दिवस, दत्तजयंती, श्रावण. आईचं सगळं लहानपण पेटीच्या मागे सतरंजीवर बसून गेलं. गेल्या वर्षी ती चार महिने इथे होती. इंग्रजी तिला कामापुरतं समजतं, गाण्यातलं तर नाहीच. एका दुपारी मी ही तबकडी लावली आणि ती समोर मटार सोलत बसली. पहिलं गाणं झालं. दुसरं झालं. तिसऱ्याला पहिल्याचीच चाल, एवढीशी, येऊन गेली. आईने मान वर केली. मध्ये बरंच काही झालं आणि सातव्याला तीच चाल पुन्हा आली, तेव्हा ती म्हणाली, "हा धृपदावर येतोय गं सारखा. कीर्तन आहे का हे?"

मी हसणार होते, पण थांबले. कारण त्या धृपदाच्या गाण्याचं नाव आहे 'टाइम ऑफ द प्रीचर'. प्रवचनकाराची वेळ.

त्या दिवसापासून मला हे दुसऱ्या कशासारखं ऐकूच येत नाही. बुवा आख्यान लावतात म्हणजे काय करतात? कथा एक, पण तिच्यात मोरोपंतांची आर्या येते, तुकोबांचा अभंग येतो, मध्येच एखादी साकी. सगळं दुसऱ्यांचं. बुवांचं स्वतःचं काय, तर ते कुठे ठेवायचं याची जाण, आणि हे सगळं बांधणारं धृपद. विलीनेही हेच केलं. एडी आर्नल्डचं जुनं गाणं घेतलं आणि ते बायको निघून गेल्याचं कळण्याच्या जागी ठेवलं. चाळीसच्या दशकातलं फ्रेड रोझचं 'ब्लू आइज क्रायिंग इन द रेन' घेतलं आणि ते ठेवलं खुनाच्या नंतर. ते गाणं आधी कितीकांनी गायलं होतं. साधं विरहाचं गाणं. इथे मात्र गाणाऱ्याच्या हाताला रक्त लागलेलं आहे, आणि तो जिच्यासाठी रडतो आहे तिला त्यानेच मारलं आहे. शब्द तेच, जागा बदलली. एवढ्याने अंगावर काटा येतो.

कथा घोड्यांच्या काळातली. एक प्रवचनकार, त्याची बायको जुन्या प्रियकराबरोबर निघून जाते, तो त्यांना गाठतो आणि दोघांनाही संपवतो. मग तिचा घोडा बरोबर घेऊन भटकत राहतो. पहिल्या बाजूचा शेवट मी न चुकता उभी राहून ऐकते. तिसरा खून झालेला असतो, धृपद शेवटचं येऊन जातं आणि एकदम फक्त पियानो सुरू होतो: 'जस्ट अ‍ॅज आय अ‍ॅम'. चर्चमधलं जुनं भजन, शब्दांशिवाय. 'आहे तसाच तुझ्यापाशी येतो' असा त्याचा भाव. इथल्या माणसाला ते शब्द तोंडपाठ असतात, म्हणून ते गायची गरजच नाही. तो माणूस बोलायच्या पलीकडे गेलेला आहे आणि मागे नुसता सूर उरला आहे. दीड-दोन मिनिटांचं ते वाजवणं. मग सुई उचलायची, तबकडी उलटायची. ही उलटण्याची सक्तीची शांतता फक्त रेकॉर्डवर मिळते. सीडीवर पुढचं गाणं लगेच अंगावर येतं.

वाद्यं मोजकीच. विलीची गिटार, पियानो, हार्मोनिका, बेस, ड्रम, अधूनमधून मेंडोलिन. कित्येक ठिकाणी नुसता गळा आणि गिटार. ती गिटार म्हणजे 'ट्रिगर'. मार्टिन कंपनीची एन-२०, नायलॉनच्या तारांची. १९६९ मध्ये नॅशव्हिलच्या एका कारागिराकडून न बघताच ७५० डॉलरना घेतलेली. तिच्या आधीच्या गिटारवर एका दारुड्याचा पाय पडला होता. तिचा पिकअप, म्हणजे तारांचा आवाज स्पीकरपर्यंत नेणारा भाग, काढून हिच्यात बसवला. नायलॉनची गिटार बोटांनी वाजवायची असते, हा वाजवतो पिकने, म्हणजे नखीने, त्यामुळे पुढच्या लाकडाला पुढे भोक पडलं. आमच्या मिरजेत तंबोऱ्याची जवारी काढणाऱ्यांना विचारा, एका केसाच्या फरकाने सूर कसा खुलतो ते. ट्रिगरचा सूर तसाच आहे. ना पूर्ण गोड, ना पूर्ण कोरडा. शेवटी थोडा नाकात बोलतो. जाड तारेवर तो सूर मोकळा सोडतो तेव्हा लाकूड हललेलं कळतं.

सगळ्याचा खर्च आला सुमारे ४,००० डॉलर. कंपनीच्या लोकांनी टेप ऐकली आणि त्यांना वाटलं, हा तर कच्चा नमुना आहे, आता व्हायोलिनं चढवा. पण करारात लिहिलेलं होतं. टेप होती तशी निघाली. ऑक्टोबरपर्यंत 'ब्लू आइज' कंट्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं. गायक म्हणून विलीचं ते पहिलंच पहिल्या क्रमांकाचं गाणं, आणि तेव्हा तो ४२ वर्षांचा होता. अल्बमही त्या यादीत अव्वल ठरला. पुढे लायब्ररी ऑफ काँग्रेसने जतन करायच्या ध्वनिमुद्रणांत त्याची नोंद केली. मला मात्र त्या ४,००० डॉलरचंच जास्त वाटतं. कमी पैशात केलं म्हणून नव्हे. जास्त पैसे घालायची सोय असताना घातले नाहीत म्हणून.

एक गोष्ट मला खुपते आणि ती सांगितल्याशिवाय हे लिहिणं पुरं होणार नाही. तिसरा खून. सोनेरी केसांची एक बाई त्या घोड्याला हात लावते आणि तो तिला गोळी घालतो. गाण्यात पुढे असं येतं की घोडा चोरायला आलेल्या बाईला मारलं म्हणून माणसाला फाशी देता येत नाही. विली हे अगदी सपाट आवाजात गातो, ना समर्थन, ना धिक्कार. चालही मुलांना झोपवायची, संथ. माझ्या मैत्रिणीने या जागी रेकॉर्ड बंद करायला लावली होती, आणि तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही. बुवांच्या आख्यानात पाप्याला त्याचं पाप कुणीतरी पदरात घालतं. इथे कुणी घालत नाही. त्या बाईला नाव नाही, तिच्यासाठी एक ओळही नाही. मी ते भजन उभी राहून ऐकते ते त्या प्रवचनकारासाठी नाही, तिच्यासाठी.

दुसरी बाजू पहिलीच्या तोलाची नाही. डेन्व्हरला पोचल्यावर एक छोटं गाणं होतं आणि लागोपाठ दोन नुसत्या वाद्यांच्या चाली येतात. त्यातली 'ओव्हर द वेव्हज' ही हुव्हेंतिनो रोसास या मेक्सिकन संगीतकाराची वॉल्ट्झ. नाचघर डोळ्यांसमोर उभं राहतं, पण कथा तेवढा वेळ जागीच थांबते. पुढे 'हँड्स ऑन द व्हील'ला मात्र सगळं सांधलं जातं. माणूस म्हातारा झालेला, शेजारी एक लहान मूल, आवाजात पहिल्यांदाच विसावा. त्यानंतर 'बंदेरा', शब्दांशिवाय, फक्त निरोपासारखं. सगळं मिळून ३५ मिनिटांच्या आत संपतं.

घ्यायची असेल तर जुनीच घ्या. फार छापली गेल्यामुळे ती अजूनही सहज मिळते, आणि २० डॉलरच्या वर द्यायची गरज नाही. २००० साली निघालेल्या सीडीला शेवटी चार जास्तीची गाणी जोडली आहेत. ती वाईट नाहीत, पण 'बंदेरा'नंतर काही ऐकायचं नसतं, म्हणून तिथे बंद करा. मोबाइलवर ऐकणार असाल तर गाणी उलटसुलट लागण्याची सोय आधी काढून टाका. आख्यानाची पानं पिसून वाचतं का कुणी?

आई जानेवारीत मिरजेला परत गेली. मागच्या रविवारी फोनवर बोलताना माझ्याकडे मागे हीच रेकॉर्ड चालू होती, आणि पहिल्या बाजूचा शेवटचा पियानो सुरू झाला. ती बोलता बोलता थांबली.

"हे लावून ठेव जरा. आमच्या लहानपणी मिशन हॉस्पिटलकडच्या चर्चमधून रविवारी असंच काहीतरी यायचं."

मी फोन स्पीकरजवळ धरला. संपल्यावर तिने विचारलं, "पेटी कोण वाजवतंय?"

"पियानो आहे आई तो. त्याची बहीण, बॉबी. दोघांना आजी-आजोबांनी वाढवलं, संगीतही त्यांनीच शिकवलं."

"थोरली का धाकटी?"

"थोरली. दोन वर्षांनी मोठी."

"तरीच," आई म्हणाली. "तो गात नाहीये तरी त्याच्यासाठी जागा सोडत वाजवतीये."